विहिरीआधी दगड पाहा

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका आहे. तिथे, आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी, जत भागात, तो जेमतेम ५०० च्या आसपास. हे वाळवंट नव्हे. पण उन्हाळ्यात उघडे माळ पाहिले की तसेच वाटते. १९७२ चा दुष्काळ इथली म्हातारी माणसे अजून विसरलेली नाहीत.

अशा मुलखात विहीर कुठे खणावी? जागा चुकली तर पाणी नाही, कर्ज मात्र उरते. म्हणून सरकारच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा माणूस आधी दगड पाहतो.

सकाळी तो ओढ्यातून वर चालू लागतो. ओढ्याने जमीन कापलेली असते, त्यामुळे आतले थर दिसतात. आपले डोंगर भाकरीच्या चवडीसारखे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस वर आला. तो निवून काळा दगड झाला. असे थरावर थर साचले. थर जवळजवळ आडवे आहेत. म्हणून इथे दिसलेला थर समोरच्या टेकडीत बहुधा तेवढ्याच उंचीवर सापडतो.

दगड वरून उन्हापावसाने बदललेला असतो. तो हातोडीने फोडून आतला भाग भिंगातून पाहायचा. घट्ट पाषाण खणकन वाजतो. त्याला भेगा नसतील तर त्यात पाणी मुरत नाही. मुरूम बद्द वाजतो. त्यात पाणी मुरते आणि खाली पाषाण लागला की अडते.

दुपारी विहिरी. टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजतो. पाझर कोणत्या थरातून येतो ते पाहतो. मग मालकाला विचारतो, "अण्णा, विहीर कधी आटते?"

"चैत सरता सरता तळ दिसतो, साहेब."

काही मंडळी इथे खरे सांगत नाहीत. कर बसेल अशी भीती वाटते. पण उत्तर खोटे निघाले की नकाशा चुकतो, आणि कोरडी विहीर शेजाऱ्याच्या वाट्याला येते. पाणाड्या नारळ घेऊन जागा दाखवतो. खाली कोणता दगड आहे ते त्याला विचारून पाहा! नकाशाही पाण्याची हमी देत नाही. खणून पाहण्याजोगी जागा कोणती, एवढेच तो सांगतो.

संध्याकाळी नोंदी नकाशावर चढतात. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. मुरमाला एक रंग, पाषाणाला दुसरा. ओढ्याकाठी जिथे मुरूम जाड आहे, तिथे तो बारीक खूण करतो.