आवाजाची पारख

नागपूरचा उन्हाळा सुरू झाला की बाजारात माठांच्या राशी लागतात. गिऱ्हाईक माठ उचलते, डाव्या तळव्यावर तोलते आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारते. खणखणीत नाद आला तर माठ घरी येतो. बद्द आवाज आला तर तो मुकाट्याने राशीत परत जातो. माठाला गेलेला बारीक तडा डोळ्यांना दिसलेला नसतो, पण कानांना त्याचा सुगावा लागलेला असतो.

आवाजावरून दोष ओळखण्याची ही विद्या फार जुनी आहे. नागपुरास लोहमार्ग आला तो १८६७ साली. त्या काळापासून पुढे कितीतरी वर्षे, गाडी मोठ्या स्थानकात थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेतलेला कामगार चाकाचाकावर ठोका मारीत जात असे. चाक निर्दोष असेल तर घंटेसारखे वाजे; त्याला चीर गेली असेल तर नाद दबून जाई. वैद्यकशास्त्रानेही हीच वाट धरली. व्हिएन्ना येथील डॉक्टर औएनब्रुगर ह्याने १७६१ साली रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकून आतील विकार ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. तो एका खाणावळवाल्याचा मुलगा. पिपात द्रव कोठवर भरला आहे हे वडील पिपावर ठोकून पाहत, त्यावरून त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक ह्या डॉक्टराने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला आपला कान नेला. आजच्या स्टेथोस्कोपचा जन्म त्या सुरळीतून झाला.

मोटारीचा मिस्त्री ह्याच परंपरेतला आहे, मग त्याने त्या डॉक्टरांची नावे ऐकलेली असोत वा नसोत.

समजा, मे महिन्यातील एका सकाळी नागपुरातील एका गॅरेजसमोर एक जुनी फियाट येऊन उभी राहिली. मालक, त्यांची पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी असे तिघेजण दुसऱ्या दिवशी पहाटे चिखलदऱ्यास निघणार होते. अमरावतीवरून परतवाडा, आणि तेथून पुढे सातपुड्याचा घाट. मालक उतरताच म्हणाले, “मिस्त्री, टॅपेटचा आवाज येतो आहे. तेवढे जुळवून द्या, म्हणजे झाले.”

“थांबा जी,” मिस्त्री म्हणाले, “आधी ऐकू तर द्या.”

परंतु त्यांनी लगेच बॉनेट उघडले नाही. त्यांनी प्रश्न विचारले. आवाज थंड गाडीत येतो की गरम गाडीत? उभ्या गाडीत येतो की चालत्या गाडीत? चढावर वाढतो की उतारावर? मालकांना नीट सांगता येईना. कामाची घाई असलेला मनुष्य आवाज ऐकतो, पण तो केव्हा येतो याकडे लक्ष देत नाही. उत्तर मागच्या आसनावरून आले. “काका, घरून निघालो तेव्हा आवाज नव्हता. गाडी तापल्यावर सुरू झाला. आणि बाबा ॲक्सिलरेटर दाबतात, तेव्हा तो जोराने येतो.”

मिस्त्रींनी मुलीकडे पाहून मान हलवली. त्यांचे अर्धे काम झाले होते.

ह्या प्रश्नांना एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी इंजिनाच्या पोटात डोकावले पाहिजे. नळकांड्यात पिस्टन वरखाली धावत असतो. पिस्टनला जोडलेला रॉड खालच्या क्रँकला फिरवतो आणि क्रँकच्या फिरण्याने शेवटी चाके फिरतात. पेट्रोलची वाफ व हवा आत घेणे, ती दाबणे, ठिणगीने पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरी होतात. हवा आत घेणारी व धूर सोडणारी झडप त्या दोन फेऱ्यांत एकेकदाच उघडते. म्हणून झडपेचा, म्हणजे टॅपेटचा आवाज क्रँकच्या निम्म्या गतीने पडतो. तो वरून, इंजिनाच्या माथ्यावरून येतो. हलका असतो, शिवणयंत्रासारखा टकटक चालतो. झडप आणि तिला दाबणारा दांडा ह्यांतील फट वाढली, किंवा ऑइल कमी झाले, की तो ऐकू येतो. मिस्त्री पातळ पोलादी पट्ट्यांनी ती फट मोजतात आणि जुळवून देतात. हा दोष किरकोळ, अर्ध्या दिवसाचा.

दुसरा आवाज पिस्टनचा. झिजलेल्या नळकांड्यात पिस्टन सैल पडला की तो भिंतीवर आपटतो. हा आवाज सकाळी थंड इंजिनात मोठा असतो. इंजीन तापले की पिस्टन फुगतो, फट भरते आणि आवाज मावळतो. फियाटमध्ये नेमके उलटे घडत होते, म्हणून पिस्टन सुटला.

पट्टा सैल झाला तर तो किंचाळतो. त्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडावेत. किंचाळणे क्षणभर बदलले किंवा थांबले तर दोष पट्ट्याचा किंवा त्याच्या पुलीचा. चाकाचे बेअरिंग गुणगुणते. पण ते गाडीच्या वेगाबरोबर चढते, इंजिनाच्या वेगाबरोबर नव्हे. उभ्या गाडीत इंजीन कितीही जोराने फिरवले तरी ती गुणगुण उठत नाही.

आणखी एक आवाज आहे, त्याला मिस्त्री नॉकिंग म्हणतात. डब्यात खडे हलवावेत तसा तो खडखडतो, विशेषतः उन्हाळ्यात चढ चढताना. ठिणगीपाशी लागलेली ज्योत नळकांडे ओलांडून पलीकडे पोहोचण्यापूर्वीच तेथील वाफ उष्णतेने व दाबाने आपोआप पेटते, आणि दाबाची लाट भिंतींवर आदळते. हे टाळण्यासाठी १९२१ साली अमेरिकेत मिजली ह्या संशोधकाने पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळण्याची युक्ती काढली. खडखड थांबली, पण ते शिसे धुरावाटे माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, रक्तात जाऊ लागले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. जगातून ते नाहीसे व्हायला २०२१ साल उजाडले. इंजिनाचा आवाज बंद करण्यासाठी माणसाने मोजलेली ही किंमत फारच मोठी होती.

आता मिस्त्रींनी बॉनेट उघडले. प्रथम त्यांनी ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल खुणेच्या खूप खाली होते. ते खुणेपर्यंत भरून त्यांनी इंजीन सुरू केले. आवाज तसाच राहिला. मग त्यांनी एक लांब पेचकस घेतला, त्याचे टोक इंजिनाच्या अंगावर टेकवले आणि मूठ कानापुढच्या हाडाला लावली. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पोलादातून तो ५,००० मीटरांहून अधिक वेगाने धावतो. शिवाय पेचकस जेथे टेकेल तेथलाच आवाज ठळक ऐकू येतो, इतर कोलाहल मागे पडतो. मुलगी पुढे वाकू लागताच त्यांनी हाताने तिला मागे सारले. फिरत्या पंख्यात ओढणीचे टोक किंवा वेणी सापडायला क्षणही लागत नाही. आणि नव्या मोटारींतील विजेचा पंखा तर इंजीन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

माथ्यावर आवाज पुसट होता. पेचकस खाली सरकला तसा तो वाढत गेला. टकटक नव्हे, तर दाराआडून कोणी मुठीने ठोकावे तसा जड, दबका ठोका. मिस्त्रींनी एकेका नळकांड्याच्या स्पार्क प्लगची तार जपून काढून लावायला सुरुवात केली. पहिली तार काढली; ठोका तसाच. दुसरी काढली, तसाच. तिसरी काढताच तो एकदम मंदावला. त्या नळकांड्यातील स्फोट थांबला, रॉडवरचा भार हलका झाला, म्हणून ठोकाही हलका झाला. दोष तिसऱ्या रॉडच्या खालच्या बेअरिंगात होता. गरम झालेले ऑइल पातळ होते आणि झिजलेल्या बेअरिंगला सावरू शकत नाही, म्हणूनच तापल्यावर ठोका उठत होता.

मालकांचा विश्वास बसेना. “टॅपेट जुळवून पाहा तरी,” ते म्हणाले. “मुलीला वर्षभर कबूल केले आहे.”

मिस्त्रींनी गाडी बंद केली. थोड्या वेळाने ऑइलचा चेंबर उघडला आणि तळाशी साचलेले ऑइल बोटावर घेऊन उन्हात धरले. त्यात धातूचे बारीक कण चमकत होते.

“घाटात ह्या रॉडने मान टाकली,” ते म्हणाले, “तर इंजिनाला भोक पाडून बाहेर येईल. तेव्हा गाडी कोठे असेल, सांगता येत नाही.”

मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी किल्ली मिस्त्रींच्या हातात दिली.

आजच्या मोटारींत इंजिनाच्या अंगावरच एक छोटा कान बसवलेला असतो. त्यातील स्फटिक नॉकिंगच्या कंपनांनी दबला की वीज निर्माण होते, आणि यंत्रातील संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. चालकाला कळण्यापूर्वीच खडखड थांबते. पण तो कान ऐकतो तो एवढा एकच आवाज. झिजलेले बेअरिंग, सैल पट्टा किंवा फुटलेला सायलेन्सर ओळखणे हे त्याचे काम नव्हे. त्यामुळे संगणकाची तार जोडणाऱ्या नव्या गॅरेजांतही लांब पेचकस हाताशी असतो.

दुसऱ्या दिवशी ते तिघेजण गणेशपेठेच्या स्थानकावरून एस.टी.ने निघाले. परतवाड्याच्या पुढे घाट लागला. चालकाने गिअर उतरवला, इंजिनाचा सूर खाली आला आणि गाडी सावकाश वर चढू लागली. आई डुलक्या घेत होती. मुलगी मात्र खिडकीच्या गजावर कपाळ टेकवून बसली होती. डबा कोठे कोठे खुळखुळतो, तेवढे ती मोजत होती.