वाकड्या अंगणातील नाच

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. अंगी कौशल्य नसले म्हणजे मनुष्य साधनांना नावे ठेवतो, असा तिचा आशय. परंतु वाकड्या अंगणातही सुंदर नाचणारे कलावंत जगात असतात. इंटरनेटवर करमणुकीचा जो अफाट पसारा आहे, त्यात अशा कलावंतांच्या कृती पाहावयास मिळतात.

'ओके गो' हे अमेरिकेतील चार गायक-वादकांचे पथक. २००६ साली त्यांनी आपल्या एका गीताची चित्रफीत तयार केली. तीत भव्य देखावे नव्हते. होती ती केवळ आठ ट्रेडमिल, म्हणजे व्यायामासाठी चालण्याची फिरत्या पट्ट्यांची यंत्रे. मुख्य गायकाची भगिनी त्रिश सी हिने नृत्य बसविले. पायाखालची भूमी सतत सरकत असताना चौघांनी तालात पावले टाकावयाची होती. कॅमेरा एकाच जागी स्थिर होता आणि सारे नृत्य मध्ये न थांबता चित्रित करावयाचे होते. शेवटच्या पावलाला चूक झाली, तरी पुन्हा पहिल्यापासून आरंभ! पुष्कळ सरावानंतर ते साधले. लक्षावधी लोकांनी ती चित्रफीत कौतुकाने पाहिली आणि २००७ साली तिला ग्रॅमी पुरस्कार लाभला.

याहून जुने उदाहरण जपानमधील आहे. १९८१ साली निन्टेन्डो कंपनीत शिगेरू मियामोतो हे एका खेळासाठी सुताराचे चित्र रेखाटीत होते. त्या काळच्या यंत्राच्या पडद्यावर ठिपक्यांच्या रांगोळीप्रमाणे चित्र भरावे लागे. आणि या सुताराच्या वाट्याला उंचीचे जेमतेम सोळा ठिपके आले होते. एवढ्या जागेत तोंड कसे दाखवावे? मियामोतोंनी मोठे नाक काढून त्याखाली मिशी रेखाटली. उडी मारताना केस हलते दाखविणे कठीण, म्हणून डोक्यावर टोपी आली. हात अंगापासून वेगळे दिसावेत, म्हणून अंगातील कपड्यांना दोन रंग दिले. अडचणीतून जन्मलेला हा मिशाळ गडी पुढे 'मारिओ' या नावाने जगप्रसिद्ध झाला.

पुढे यंत्रे सुधारली. पडद्यावर हुबेहूब चित्रे उमटू लागली. तरीही जपानमधील दाइसुके अमाया यांनी जुन्या धर्तीची छोटी, ठसठशीत चित्रेच पसंत केली. फावल्या वेळात सुमारे पाच वर्षे खपून त्यांनी 'केव्ह स्टोरी' हा खेळ रचला. त्याची कथा, चित्रे, संगीत आणि संगणकाची आज्ञावली ही सर्व कामे त्यांनी एकट्याने केली. आणि २००४ साली तो खेळ इंटरनेटवर विनामूल्य खुला केला.

साधने थोडी असली म्हणजे कला आपोआप थोर होते, असे मात्र नव्हे. ती यंत्रे तर अनेक व्यायामशाळांत असतात. तेथे नृत्य घडत नाही. हाताशी असलेल्या साधनाची मर्यादा नीट ओळखणे आणि त्यावर चिकाटीने परिश्रम करणे, हे ज्याला जमते त्याला अंगणाची तक्रार करावी लागत नाही.

स्वाध्याय
१. नृत्याची चित्रफीत एका दमात चित्रित करणे कठीण का होते?
२. मारिओच्या मिशीचे व टोपीचे कारण सांगा.
३. घरातील एखादी साधी वस्तू घेऊन तिच्यापासून कोणता खेळ रचता येईल, ते दहा ओळींत लिहा.