सात सामने बाहेर

शनिवारची सकाळ, दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधली तळ्याकाठची वाट. रूथ इथल्याच एका कचेरीत नोकरी करते आणि इमारतीतल्या मुलांचा हौशी क्रिकेट संघ सांभाळते. तिचे मामा मूळचे नगरचे. उमेदीची वर्षं सिडनीत गेली, तेव्हापासून ते ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे आणि त्यातही सिडनी स्वान्सचे भक्त.

रूथ : मामा, परवा आमच्या सामन्यात फार वाईट झालं. झेलाचं अपील फेटाळलं म्हणून आमच्या सगळ्यात चांगल्या बोलरने पंचांना आईवरून शिवी दिली. पंच म्हणजे एक ड्रायव्हर आहेत, सुट्टीच्या दिवशी चार पैसे मिळतात म्हणून उभे राहतात. ते काहीच बोलले नाहीत. टोपी नीट केली आणि "पुढचा चेंडू" म्हणाले.

मामा : आणि तू?

रूथ : रात्री ग्रुपवर लिहिलं, हे चालणार नाही म्हणून. तर तो ग्रुपच सोडून गेला. आता निम्मे म्हणतात, हाकलून दे. निम्मे म्हणतात, तू चर्चला जातेस ना, मग माफ कर.

मामा : आधी ग्रुपवर लिहिलंस? अगं, मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम सांगितलाय. आधी त्याला एकट्याला गाठायचं, नाही ऐकलं तर दोघातिघांना घेऊन जायचं, आणि मंडळीपुढे सगळ्यात शेवटी. शब्बाथशाळेत इतकं घोकून घेतलं तुमच्याकडून, आणि तू सुरुवातच मंडळीपासून केलीस!

रूथ : बरं, चुकलं. पण बंदी घालू की माफ करू?

मामा : तुला बॅरी हॉलचं सांगतो. आमचा स्वान्सचा धिप्पाड फॉरवर्ड. २००५ साली अंतिम सामन्याच्या आदल्या लढतीत त्याने सेंट किल्डाच्या खेळाडूच्या पोटात ठोसा मारला. या खेळात वरच्या पातळीवर लाल कार्ड दाखवून कुणाला बाहेर काढत नाहीत. तक्रार होते आणि सामन्यानंतर न्यायाधिकरण बसतं. न्यायाधिकरण म्हणालं, ठोसा चेंडूच्या झटापटीत बसला, म्हणून सौम्य ठरवला. हॉल अंतिम सामना खेळला आणि स्वान्सने ७२ वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं. चार गुणांनी!

रूथ : मग तुम्हाला आनंद झाला असेल.

मामा : सगळ्या सिडनीला झाला. पण २००८ मध्ये त्याच हॉलने वेस्ट कोस्टच्या ब्रेंट स्टेकरला डाव्या हाताचा असा ठोसा मारला की पोरगा जागीच कोसळला. चेंडू भलतीकडेच होता. सात सामन्यांची बंदी आली. मी स्वान्सचा माणूस, पण सातातला एकही कमी व्हावा असं मला वाटलं नाही.

रूथ : म्हणजे तुम्ही त्याला माफ केलं नाही.

मामा : तसं कुठे म्हणालो मी?

रूथ : शिक्षा हवी म्हणालात ना! शिक्षा दिली तर माफ केलं कसं म्हणायचं?

मामा : थांब जरा, तिकडेच येतोय. त्यांच्याकडे ब्राउनलो पदक असतं, १९२४ पासून. मोसमातल्या सर्वोत्तम आणि सर्वांत स्वच्छ खेळणाऱ्याला ते देतात. मोसमात बंदी भोगली की माणूस त्यातून बाद, मग गुण कितीही असोत. १९९७ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जच्या ख्रिस ग्रँटला सगळ्यांत जास्त गुण होते. पण एका सामन्याची बंदी झालेली, त्यामुळे पदक रॉबर्ट हार्वीच्या गळ्यात पडलं. आणि हे गुण कोण देतं? मैदानातले पंच! प्रत्येक सामन्यानंतर तिघांना तीन, दोन, एक असे. ज्याच्यावर तोंड सोडायचं, त्याच्याच हातात पदक!

रूथ : हे छान आहे.

मामा : छान नाही, थोर आहे. आपल्याकडे पंच म्हणजे हक्काचा शिव्या खाणारा माणूस. आमच्या जुन्या क्लबात तर हरलेल्या संघाने पंचाचे पैसेच द्यायचे नाहीत, असा रिवाज पडला होता. मी भांडलो, तर मला म्हणाले, काका, तुम्ही पाळक व्हायला हवं होतं. आणि शिस्त आपल्या माणसांत नव्हती असं समजू नकोस. अॅडलेडच्या ज्या ओव्हलवर आज फुटबॉल चालतो, तिथेच जानेवारी १९४८ मध्ये विजय हजाऱ्यांनी एका कसोटीत ११६ आणि १४५ काढले. समोर लिंडवॉल आणि मिलर. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारा पहिला भारतीय, आणि तो आपल्या सांगलीचा मराठी ख्रिस्ती माणूस! पंचरंगी सामन्यात 'रेस्ट' संघाच्या ३८७ पैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या होत्या. त्यांच्या नावाचा करंडक सगळे खेळतात, पण ते आपल्यातले होते हे आपल्याच पोरांना कुणी सांगत नाही.

रूथ : मामा, हजारे मला पाठ आहेत. माझ्या बोलरचं सांगा.

मामा : आणि त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगने २०१७ पासून गुड फ्रायडेलाही सामना ठेवला. मुलांच्या इस्पितळासाठी निधी जमतो हे खरं, पण तीन तासांच्या उपासनेच्या दिवशी भोंगा वाजतो हे मला सहन होत नाही. इथे रविवार कामाचा होता, तेव्हा आपण शुक्रवारी जेबेल अलीला उपासनेला जातच होतो ना? ज्याला दिवस पाळायचा, तो पाळतो.

रूथ : मामा!

मामा : बरं. अॅडम गुड्स ठाऊक आहे? तोही स्वान्सचा. आदिवासी वंशाचा, दोनदा ब्राउनलो मिळवलेला, म्हणजे तुझ्या-माझ्यापेक्षा स्वच्छ खेळाडू. २४ मे २०१३, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, समोर कॉलिंगवूड. आदिवासी खेळाडूंच्या सन्मानाची फेरी त्याच रात्री सुरू झालेली. स्वान्स जिंकत होते, सामना संपत आला होता. कुंपणापलीकडून कुणीतरी त्याला 'माकड' म्हणालं. तो थांबला. वळला. हात लांब करून बोट दाखवलं आणि रक्षकांना सांगितलं, ही व्यक्ती. ती निघाली तेरा वर्षांची मुलगी.

रूथ : तेरा?

मामा : हो. तिला मैदानाबाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी गुड्स पत्रकारांपुढे म्हणाला, दोष मुलीचा नाही, तिच्या पाठीशी उभं राहा. तिने फोन करून माफी मागितली. आता बघ, बोट त्याने दाखवलं, तिला बाहेर काढलं तेही योग्यच झालं, आणि क्षमा त्यानेच केली. एका दिवसात तिन्ही गोष्टी झाल्या आणि कुठलीच दुसरीच्या आड आली नाही.

रूथ : आणि लोक?

मामा : लोकांनी त्याचा सूड घेतला. २०१५ चा अख्खा मोसम त्याच्या हातात चेंडू आला की हजारोंनी हुर्यो उडवायची. मध्यंतरी २०१४ मध्ये देशाने त्याला ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर केलेलं, तरीही. एक सामना तो खेळलाच नाही, आणि मोसमाअखेर निवृत्त झाला. लीगने आणि अठराही क्लबांनी जाहीर माफी मागितली ती २०१९ मध्ये. खेळाडूंच्या वागण्यावर आपण तासन् तास बोलतो. पण त्या गर्दीत रविवारी चर्चला जाणारे किती असतील? हुर्यो उडवणाऱ्यांवर कुठल्या न्यायाधिकरणाने बंदी घातली? मला हॉलपेक्षा ती गर्दी जास्त सलते. हॉलला सात सामने तरी बसावं लागलं.

रूथ : ते पटलं. पण माझं अजून तिथेच अडलंय. मी त्याला दोन सामने बसवलं, तर मी माफ केलं नाही असाच अर्थ होतो ना?

मामा : तुझ्या माफीचा प्रश्नच कुठे येतो? शिवी कुणाला दिली?

रूथ : पंचांना.

मामा : मग क्षमा त्यांच्या हातात. गुड्स क्षमा करू शकला, कारण घाव त्याच्यावर होता. त्याच्या वतीने क्लबाने किंवा सरकारने माफ करून टाकलं असतं, तर तो गुड्सवर दुसरा अन्याय झाला असता. तू संघ सांभाळतेस, तुझ्या हातात फक्त बंदी आहे. तेवढी तू घाल. पंचांच्या वाटची क्षमा परस्पर वाटून मोठी होऊ नकोस.

रूथ : पण म्हणजे मी त्याच्यावर रागावूनच राहायचं?

मामा : राग कशाला? हॉलला बंदी होती म्हणून क्लबाने त्याचं नाव खोडलं नाही. सात सामने सरले आणि तो परत उतरला. तूही तारीख सांग. अमुक दोन सामने बाहेर, तिसऱ्याला तू आत. पण हे त्याला समोर बसवून सांगायचं, ग्रुपवर नाही.

रूथ : आणि पंच?

मामा : त्यांच्याकडे त्याने स्वतः जायचं. तू सोबत जा.

रूथ : त्यांनी माफ नाही केलं तर?

मामा : तो त्यांचा हक्क. तरी तिसऱ्या सामन्याला तू त्याला खेळव. ते राहतात कुठे?

रूथ : अल कूझला, कंपनीच्या कॅम्पवर. आज त्यांची सुट्टी असते.

मामा : मग फोन लाव त्या पोराला. गाडी मी काढतो.