टीबी झाला, मग एचआयव्हीची तपासणी कशाला?

प्रश्न : यजमानांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. आता टीबी निघाला. दवाखान्यात एचआयव्हीचीही तपासणी करायला सांगितली, म्हणून ते चिडलेत. शिवाय गोळ्या त्याच असूनही साखर वाढली आहे.

उत्तर : राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही तपासणी टीबीच्या प्रत्येक रुग्णाला सुचवतात, त्यात संशय नसतो. एचआयव्ही निघालाच, तर टीबीची औषधं आधी सुरू करून साधारण २ आठवड्यांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, जोडतात. मेंदूच्या टीबीत जरा थांबतात.

साखरेवरून मात्र त्यांच्याशी भांडू नका. टीबीनेही साखर वाढते. त्यात टीबीचं रिफाम्पिसिन, ज्याने लघवी केशरी होते तेच औषध, यकृताला असं कामाला लावतं की मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा असर लवकर ओसरतो. डोस वाढवावा लागेल, कदाचित काही महिने इन्सुलिनही; ते डॉक्टरांना ठरवू द्या. रिफाम्पिसिन थांबलं की तोच वाढीव डोस जास्त होऊन साखर एकदम उतरू शकते. हे सांगायचं आम्हीही कधीकधी विसरतो! तळपायाला मुंग्या आल्या तर ‘मधुमेहाचंच असेल’ म्हणून गप्प बसू नका. टीबीच्याच आयसोनियाझिड या औषधानेही येतात. बी-६ ची गोळी चालू आहे ना, तेवढं बघा.