समृद्धीच्या कडेला हमाली की सेटरची नोकरी?

प्रश्न : समृद्धी महामार्ग आमच्या मेहकरवरून गेला. आता कारखाने येणार, मोठाली गोदामं येणार, असं ऐकतोय. समजा आली, तर आमच्या पोरांना हमाली आणि वॉचमनकीपलीकडे काय मिळणार?
– एक वाचक, मेहकर

उत्तर : प्रश्न खोचक आहे आणि रास्तही. ५ जून २०२५ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई मार्ग पुरा झाला. मेहकरजवळ साबरा-काबरा, सिंदखेड राजाजवळ सावरगाव माळ इथे कृषी समृद्धी नगरं, म्हणजे महामार्गालगतची नियोजित नगरंही आखली गेली. पण नुसत्या वाहतुकीने कारागीर तयार होत नाहीत. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, खामगाव तेव्हा कापसाची मोठी पेठ होती. गाठी मात्र मुंबईमार्गे विलायतेला गेल्या आणि कापड तिकडे विणलं गेलं.

आता कामाचं बघू. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनवर दोन तऱ्हेची माणसं असतात. एक ऑपरेटर : जॉब (घडवायचा सुटा भाग) लावायचा, दार लावायचं, बटण दाबायचं, जॉब काढायचा. हे लवकर येतं, म्हणून पगार बेताचा आणि नोकरी बहुधा ठेकेदाराकडची. दुसरा सेटर. तो ड्रॉइंग वाचतो, टूल लावतो, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देतो, पहिला जॉब मायक्रोमीटरने मोजतो. माप ०.०२ मिलिमीटरने सरकलं, तर टूल झिजलं की जॉब सैल धरला गेला, हे त्याला कळावं लागतं. गोदामातही तेच. पोती उचलणारा वेगळा. स्कॅनरवर साठ्याचा हिशेब ठेवणारा, फोर्कलिफ्ट चालवणारा, शीतगृहाचा कॉम्प्रेसर सांभाळणारा वेगळा.

असलं नेमकं काम आपल्या लोकांना जमेल का, ही शंका मला तरी नाही. देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं संकरित बियाणं तयार होतं. बायका चिमट्याने कळीतले पुंकेसर काढतात, दुसऱ्या वाणाचे पराग लावतात, फुलाला खूण करतात. हयगय झाली की बियाण्याची शुद्धता जाते. कारखान्यात याला गुणवत्ता नियंत्रण म्हणतात. आपल्याकडे ती मजुरी ठरते आणि प्रमाणपत्र कुणी देत नाही.

मग हे शिकायचं कुठे? दहावीनंतर आयटीआयला मशिनिस्ट, टर्नर, फिटर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. माझं मत विचाराल तर इलेक्ट्रिशियन किंवा एसी-फ्रिज दुरुस्ती आधी बघा. मोठा कारखाना येवो न येवो, जिनिंग, डाळमिल आणि शीतगृहांना ही माणसं आजही लागतात. डिप्लोमा करायचा तर खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे. डाय-मोल्डच्या, म्हणजे साच्यांच्या कामाची ओढ असेल तर छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम.

आणखी एक वाट बरेच जण विसरतात : अप्रेंटिसशिप. ३० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यांना विद्यावेतन द्यावं लागतं. खामगाव, मलकापूरच्या एमआयडीसीत जाऊन हे जरूर विचारा. आणि आयटीआयचा अर्ज भरण्याआधी वर्कशॉपमध्ये शिरून बघा : मशीन चालू आहे की धूळ खात पडलंय, आणि मुलाला त्यावर प्रत्यक्ष हात चालवायला किती वेळ मिळणार.