ताप उतरला, सांधे धरलेलेच

चिकुनगुनियाचा ताप चार-सहा दिवसांत उतरतो आणि घरचे म्हणतात, ‘झाली बरी.’ खरं दुखणं त्यानंतरचं. सकाळी मूठ वळत नाही, घोटे सुजतात, पाऊल टेकवत नाही. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो; काहींचा मात्र तीन महिन्यांपुढे, क्वचित वर्षानुवर्षं रेंगाळतो. चाळिशी ओलांडलेल्या बायकांमध्ये आणि आधीपासून संधिवात असणाऱ्यांमध्ये हे जास्त दिसतं.

महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. १९७३ साली बार्शीत त्याची साथ आली होती. पुढे तीसेक वर्षं तो जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये परतला, तो मुक्कामालाच.

डास माणूस बघून चावत नाही हे खरं. पण ज्या वस्तीत नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येतं, तिथे पिंप भरून ठेवावंच लागतं आणि एडिस डास नेमका अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. शिवाय हा विषाणू धरतो मनगटं, बोटं आणि घोटे. खुरपणी, धुणीभांडी, ऊसतोड सगळी त्यांच्याच जोरावर. पावसाळ्यात आजारी पडलेली बाई दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघते तेव्हा बोटं आखडलेलीच असतात. उचल आधीच घेतलेली, खाडा केला तर पैसे कापले जातात. तिला ‘विश्रांती घ्या’ सांगणं मला स्वतःलाच पोकळ वाटतं.

मग ती काय करते? गावातल्या एखाद्याकडून ‘सुई’ घेते किंवा बिननावाच्या पुड्या आणते. दोन दिवसांत मोकळं वाटतं, कारण त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. ते असं महिनोन्‌महिने गेलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग बळावतो. अशा पुड्या बरेच आठवडे चालू असतील तर एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं आहे. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. उन्हात राबताना, पाणी कमी पिऊन रोज वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडांना इजा होते. ताप असताना, डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी नकोच.

सांधे सुजलेले असतील, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल आणि तीन महिने उलटले असतील, तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. काहींना संधिवाताची औषधं लागतात. ती रक्ततपासणी करत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. तोवर कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू उघडा-मिटा. सांधा साफ हलवायचाच नाही, असं करू नका. पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासा. एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात.

आता थोडं पगार देणाऱ्या वाचकांशी. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ताप जाऊन महिना झाला तरी ‘हात दुखतोय’ म्हणत असतील, तर ते कामचुकारपणाचं निमित्त समजू नका. पिळण्या-घासण्याची कामं महिना-दोन महिने बाजूला ठेवा आणि त्यांचा पगार कापू नका.