स्वच्छ कार्यस्थान, विश्वासार्ह सॉफ्टवेअर

सातबारा उतारा असो वा परीक्षेचा निकाल, नागरिकांची कितीतरी कामे आज सॉफ्टवेअरवर अवलंबून आहेत. ते बिनचूक असावे ही अपेक्षा रास्तच होय. परंतु प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर निर्दोष असूनही त्यापासून तयार झालेले सॉफ्टवेअर सदोष निघू शकते. ते ज्या जागी तयार होते तेथील अस्वच्छता हे त्याचे एक कारण आहे.

प्रक्रियेचे स्वरूप

प्रोग्रामर जो मजकूर लिहितात त्यास सोर्स कोड म्हणतात. त्याचे यंत्राला समजेल अशा रूपात रूपांतर करणे, चाचण्या घेणे व वापरण्याजोगा संच तयार करणे या कामास ‘बिल्ड’ अशी संज्ञा आहे. ही सर्व कामे क्रमाने आपोआप पार पाडणारी व्यवस्था म्हणजे बिल्ड पाइपलाइन. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना विकसित केलेली ‘हडसन’ ही अशीच प्रणाली असून २०११ पासून ती ‘जेन्किन्स’ या नावाने ओळखली जाते. प्रत्येक कामास ती संगणकावर एक फोल्डर नेमून देते. त्यासच वर्कस्पेस, अर्थात कार्यस्थान, म्हणतात. निराळी सूचना नसल्यास मागील बिल्डच्या फायली तेथे सहसा तशाच राहतात.

जुनाच प्रश्न

हा प्रश्न नवा नाही. १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांनी एका प्रोग्राममधील चूक शोधण्यात सारी सकाळ घालविली. वस्तुतः चूक आधीच दुरुस्त झाली होती. मात्र त्या फाईलचे पुन्हा रूपांतर न झाल्याने जुनाच भाग वापरला जात होता. ही हकीकत ऐकून त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन तयार केले. फायलींच्या बदलाच्या वेळा ताडून कोणता भाग नव्याने करावयाचा, हे ते ठरविते.

तथापि, वेळ ताडून सर्व दोष टळत नाहीत. सोर्स कोडमधून एखादी फाईल काढून टाकली तरी तिचे जुने रूपांतर कार्यस्थानी उरते. इतर भाग तिचाच आधार घेतात आणि बिल्ड यशस्वी ठरते. तोच सोर्स कोड नव्या संगणकावर नेला की बिल्ड अडते. चाचण्यांचे जुने अहवाल मागे राहिल्यास न झालेली चाचणीही उत्तीर्ण दिसू शकते.

उपाययोजना

पहिला नियम असा की, सफाई बिल्डच्या प्रारंभी करावी. शेवटी करावयाची सफाई बिल्ड मध्येच बंद पडल्यास राहून जाते. शिवाय अयशस्वी बिल्डच्या फायली दोष शोधण्यास उपयोगी पडतात. सोर्स कोड ‘गिट’मध्ये ठेवलेला असल्यास नोंद नसलेल्या फायली ‘गिट क्लीन’ या आज्ञेने काढता येतात. मात्र दुर्लक्षित म्हणून ठरविलेल्या फायलींसाठी तीस स्वतंत्र पर्याय द्यावा लागतो.

दुसरा नियम, एकाच वेळी चालणाऱ्या दोन बिल्डना एकच कार्यस्थान देऊ नये. कंटेनर वा आभासी संगणक वापरल्यास प्रत्येक कामास कोरी जागा मिळते आणि काम संपताच ती नाहीशी होते.

वेळेचा हिशेब

दर वेळी सारे नव्याने करण्यास वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी बाहेरून आणावयाचे तयार भाग कार्यस्थानाबाहेर, आवृत्तीच्या नोंदीसह साठवावेत. दैनंदिन कामात केवळ बदललेला भाग करणे क्षम्य ठरेल. नागरिकांच्या हाती जावयाची आवृत्ती मात्र रिकाम्या फोल्डरपासूनच तयार झाली पाहिजे.

एखाद्या कार्यालयासाठी सॉफ्टवेअर स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्यास संगणकशास्त्राचे सखोल ज्ञान असण्याची आवश्यकता नाही. कोऱ्या संगणकावर, केवळ नोंदविलेल्या सोर्स कोडपासून हे सॉफ्टवेअर पुन्हा तयार करून दाखवाल काय, एवढा प्रश्न त्याने पुरवठादारास विचारावा. उत्तर होकारार्थी नसेल, तर स्वीकृतीची सही थांबविणेच लोकहिताचे ठरेल.